उलटा सेल

मामा गेल्याचं मामींनी स्वतः फोन करून सांगितलं. मी हडपसरला ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. “सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले… ते उठलेच नाहीत,” एवढंच त्या बोलल्या. मला डोळ्यांसमोर दिसले ते लंगडत जिना उतरणारे मामा. ते लंगडणं माझ्यामुळे होतं, आणि हे आमच्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन येरवड्यात राहत. बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला आम्हा सगळ्यांना गाडी करून लेण्यांत घेऊन जाणं हा त्यांचा नेम. चैत्यात वंदना झाली की ते आम्हाला कडेच्या, भिक्खूंच्या अंधाऱ्या खोल्यांत नेत. तिथं आधी नुसतं उभं करत. मग त्यांची दोन सेलची पत्र्याची बॅटरी (टॉर्चला ते बॅटरीच म्हणत) खट् वाजायची. उजेड ते भिंतीवर सरळ टाकत नसत, भिंतीलगत तिरपा धरत. आणि सपाट वाटणाऱ्या कातळातून छिन्नीचा एकेक घाव वर यायचा… शेजारी शेजारी, एका लयीत, जणू कारागीर आत्ताच हात धुवायला बाहेर गेलाय. मी पन्नाशीला आलो, तरी त्या क्षणी अंगावर काटा यायचा तो यायचाच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी, निघायच्या आधी मी ती बॅटरी सहज दाबून पाहिली. लागली नाही. मी मामांसाठी चार्जिंगचा नवा टॉर्च आणलाच होता. पाच प्रकारचा उजेड, लुकलुकणारा इशारा, किती चार्ज उरलाय ते दाखवणारा आकडा. मामांना न विचारता जुनी बॅटरी फळीवर ठेवली आणि नवा टॉर्च त्यांच्या पिशवीत टाकला. गंमत करायची होती… खरं सांगायचं तर हुशारी दाखवायची होती. पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली त्याचं बटण दाबलं गेलं, आणि तो वाटभर जळत राहिला. खोलीच्या उंबऱ्यापाशी मामांनी काढला तेव्हा दोनदा लुकलुकला, एक लाल ठिपका दिसला आणि विझला. पुढची पायरी मामांना दिसली नाही. मांडीचं हाड मोडलं. सगळे धावले तेव्हा मामा म्हणाले, “पाय घसरला. वय झालं आता.” मी विझलेला टॉर्च उचलून खिशात टाकला.

हॉस्पिटलात त्यांनी मला घरून त्यांची बॅटरी आणायला सांगितली. ती बंद आहे, असं मी म्हणालो, तरी आणच म्हणाले. पडल्या पडल्या त्यांनी मागचं झाकण फिरवलं, एक सेल काढून उलटा केला, झाकण लावलं आणि खटका दाबला. समोरच्या भिंतीवर पिवळा गोल उभा राहिला.

“पिशवीत खटका दाबला गेला तर सेल उतरतात,” मामा म्हणाले. “म्हणून ठेवताना एक उलटा घालायचा. तुझ्या त्या विमानासारख्या टॉर्चमध्येही असेल की अशी सोय.”

होती. घरी जाऊन मी माहितीपत्रक वाचलं. बटण चारदा दाबलं की टॉर्चला कुलूप लागतं म्हणे. ते पत्रक मी आधी उघडलंसुद्धा नव्हतं.

मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही. जिना चढताना थांबले की मामी म्हणायच्या, “कुणी सांगितलं होतं अंधारात शिरायला?” मामा म्हणायचे, “हौस. दुसरं काय?” मी शेजारी चहा पीत असायचो. एवढं मोठं ओझं एखादा माणूस इतक्या हलक्या हातानं कसं उचलतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मामांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेल्यावर, मागच्या रविवारी, मी मामींकडे गेलो. बॅटरी फळीवर तिथंच होती. मी दाबली, लागली नाही. झाकण उघडलं; एक सेल उलटा. सरळ करून पुन्हा दाबली, तर भिंतीवर तोच गोल. मग मी मामींना सगळं सांगितलं. टॉर्च मी बदलला होता, इथपासून.

मामींनी त्या उजेडाकडे पाहिलं.

“आणि मी त्यांनाच बोलत राहिले रे…” त्या म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून आत जाता जाता दाराशी थांबल्या.

“ठेवताना सेल उलटा घाल,” म्हणाल्या. “त्यांच्यासारखा.”

मी झाकण फिरवलं.