विहिणीचा मुत्तू

तांबरमपासून समुद्रापर्यंत अख्ख्या चेन्नईत कुत्र्यामांजरांना आजारी पडायची सक्त मनाई कुणी केली असेल, तर ती माझ्या विहिणीनं. डॉक्टर आजार बरा करतात. हिला तो येऊच द्यायचा नसतो. आमची पहिली भेटच त्या नादात झाली. माझ्या लेकीला बघायला मंडळी नुंगंबाक्कमला आमच्याकडे आली, मी कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर वरमाय सोफ्यावर नाहीत. त्या सोफ्यामागे बसकण मारून आमच्या मांजरीचा ओठ वर करून हिरड्या तपासत होत्या. मग कान उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे, विहीणबाई. पण मांजरीच्या कानात कॉफीची पूड दिसते. ती घाण नव्हे, किडे आहेत. आधी तिला दाखवा, मग याद्या करू." मला असा राग आला म्हणून सांगू! तेव्हा मी अगदीच पोरसवदा होते, जेमतेम एकसष्टची. सगळं आपल्याला कळतं असं वाटण्याचं ते वय. रागारागानं मांजर डॉक्टरकडे नेली, आणि तिच्या कानात खरोखरच किडे निघाले. राग आणखी वाढला.

ही मंडळी तंजावरची मराठी. हिच्या मराठीत मध्येच "सरी" यायचं, मध्येच "अय्यो" यायचं, आणि मी शाळामास्तरणीसारखी तिची वाक्यं दुरुस्त करायची. शेवटी एकदा आमचे हे म्हणाले, "अगं, आपण इथे येऊन चाळीस वर्षं झाली, त्यांच्या घराण्याला तीनेकशे झाली असतील. आणि तुला अजून भाजीवाल्याशी धड तमिळ बोलता येत नाही." त्यावर मी दोन दिवस अबोला धरला होता. भाजीवाल्याशी नव्हे, यांच्याशी.

तिच्या मुत्तूचा थाट तर काय सांगावा! मुत्तू म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेलं तांबूस गावठी कुत्रं, पण जहागीरदाराच्या पोराला मिळाली नसेल अशी बडदास्त. तिच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर असतं, त्यात राहुकाल बघून ती नवी साडीसुद्धा नेसते. पण रेबीजच्या लशीची तारीख त्याच कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलेली, आणि तिथे राहुकाल चालत नाही. गुरुजींनी लग्नाचा पहिला मुहूर्त काढला तो नेमका त्याच तारखेचा निघाला. "दुसरा काढा," ती म्हणाली. गुरुजींना वाटलं, पत्रिकेत काही दोष असेल. ती म्हणाली, "दोष नाही, डोस आहे." दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. फिरून आला की दारातच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे गोचिड्या शोधायच्या, सापडली की साबणाच्या पाण्यात. दात घासायचे, तेही त्याच्या वेगळ्या पेस्टनं, कारण आपली त्याच्या पोटाला चालत नाही. ऐप्पसीचा, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला की रस्त्यावरच्या डबक्याला तोंड लावू द्यायचं नाही, उंदरांच्या मुतातून येणारा ताप म्हणे त्याच पाण्यातून चढतो. मे महिन्यात एकदा ती भर रस्त्यात रेशमी साडीत उकिडवी बसून डांबरावर पालथा हात टेकून होती. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाईंची कुडी हरवली. पाचजण शोधायला लागले. तिनं पाच आकडे मोजले, हात झटकला आणि त्यांना सांगितलं, "काही हरवलं नाही. माझ्या हाताला सोसत नाही ते त्याच्या पायाला कसं सोसेल?" आणि मुत्तूला उचलून घरी घेऊन गेली.

मी या सगळ्याला नाक मुरडायची. आमच्या माहेरी कुत्रं शिळी भाकरी खायचं आणि अंगणात पडायचं. ते कशानं मेलं हे कुणी विचारत नसे. मरायचं लवकर, एवढं खरं.

अशा मला तिनं एकदा चार दिवसांसाठी मुत्तू सांभाळायला दिला. घरच्या कार्याला सगळे तंजावरला निघाले होते. सूचना देताना ती म्हणाली, "त्याचं खाणं डब्यात आहे. बाकी काही द्यायचं नाही, विहीणबाई." दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. मुत्तू पूजाभर पाटाशेजारी असा शहाण्यासारखा बसला की मला भरून आलं. "बाकी काही नाही" यात प्रसाद कसा येईल? प्रसादाला नाही म्हणू नये, आणि प्रसाद कुणाला कधी बाधत नाही. चांगला द्रोणभर शिरा त्याच्यापुढे ठेवला आणि लगेच फोन लावला. फुशारकी मारायला, दुसरं काय! "तुमच्या मुत्तूनं प्रसाद घेतला हो, द्रोण चाटूनपुसून!"

पलीकडे कार्यातलं नादस्वरम, त्यांची सनई, वाजत होतं. त्यातूनच तिनं विचारलं, "शिऱ्यात बेदाणे होते?"

"म्हणजे काय! मूठमूठ. तुपात फुलवून."

"ऐक," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'. "बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाते. घाबरू नकोस. घरी मीठबीठ पाजून ओकवायला जाऊ नकोस. ऑटो बोलाव, डॉक्टरकडे ने, आणि काय खाल्लं, कधी खाल्लं, सगळं खरं सांग."

ऑटोत मुत्तू माझ्या मांडीवर जिभल्या चाटत बसला होता. त्याच्या लेखी तो सणच होता. डॉक्टरीण माझ्या लेकीएवढी. "कुणी दिले?" तिनं विचारलं. क्षणभर वाटलं, सत्यनारायणावर ढकलून द्यावं. पण म्हटलं, "मीच दिले." तिनं इंजेक्शन देऊन त्याला ओकायला लावलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला घेतलं आणि म्हणाली, "वेळेवर आणलंत. पण दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

कार्य अर्धं टाकून विहीण दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या मला हव्याच होत्या. तिनं पिशवीतून कार्यातली इडली काढून माझ्या हातात दिली, बस्स. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा रडले मी, आणि ती डॉक्टरिणीला पुढच्या जंताच्या औषधाची तारीख विचारत होती.

आता हे कुत्रं काही पुन्हा आपल्या दारात यायचं नाही, हे मी धरून चालले होते. महिन्यानं दारावर बेल वाजली. विहीण, मुत्तू आणि त्याचा डबा. "पाच दिवस तंजावरला जातेय," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे? शेजारणीकडे ठेव की!"

"शेजारणीला अजून ती चूक करायची आहे," ती म्हणाली. "तू करून बसलीस." आणि साखळी माझ्या हातात देऊन जिना उतरून गेली.

आता तिचे गुडघे जिन्याला तयार नाहीत, आणि फिरायला न्यायलाही नाहीत. मुत्तू माझ्याकडेच असतो. "राहू दे," तीच म्हणाली. रविवारी मी त्याला तांबरमला घेऊन जाते. तो तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपतो आणि आम्ही दोघी तिसरी कॉफी पितो, उगीचच. निघायची वेळ झाली तरी तो उठत नाही. मीही त्याला हाक मारत नाही. मग तीच हळूच, त्याला कळणार नाही अशा बेतानं, मांडी काढून घेते.