खजिनदाराचं मनपरिवर्तन

आमच्या मराठी मंडळात निवडणूक म्हणावी अशी निवडणूक कधी होत नसे. मार्चमधल्या वार्षिक सभेआधी ओकव्हिलच्या श्रीमंत वस्तीत कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोहे व्हायचे, पोह्यांबरोबर नावं ठरायची आणि सभेत नुसते हात वर व्हायचे. माझा मित्र अशाच पोह्यांवर पाच वर्षं अध्यक्ष होता. आमच्या घटनेप्रमाणे खजिनदार अध्यक्षच नेमतो, म्हणून तितकीच वर्षं मी खजिनदार. आम्ही दोघं एकाच हिवाळ्यात कॅनडात उतरलो होतो, पहिला फ्लॅट एकत्र घेऊन राहिलो होतो. त्याचा शब्द खाली पडू द्यायची मला सवयच नव्हती.

त्या वर्षी एका तरुण बाईंनी त्याच्याविरुद्ध अर्ज भरला आणि आमचे अध्यक्ष हादरले. सीमेपलीकडची अमेरिकेची निवडणूक नुकतीच आटोपली होती. टीव्हीसमोर बसून त्यानं ती इतकी चघळली होती की आता स्वतःलाही तसाच प्रचार हवा होता. मला फोन करून म्हणाला, "तू माझा ट्रेझरी सेक्रेटरी. अ‍ॅडव्हाइस दे, काय करू?"

काय करायचं ते मी दरवर्षी कार्यकारिणीत घसा सुकेपर्यंत सांगत आलो होतो. महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलं स्कारबरोला एकेका बेसमेंटमध्ये दाटीवाटीनं राहतात, कॉलेज सांभाळून गोदामात खोकी उचलतात, त्यांना आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमाचं तिकीट झेपत नाही, सवलत द्या. त्यावर याचं उत्तर ठरलेलं असे. "ही पोरं जेवतात आणि सटकतात. मग खुर्च्या कोण उचलणार?" सगळे हसायचे आणि विषय तिथंच संपायचा. ती मुलं सभासद होती, त्यांना मत होतं, पण ते मागायला आजवर कुणी गेलं नव्हतं.

मी पुन्हा तेच सांगितलं. "सवलत जाहीर कर. आणि ईमेल नको. स्वतः जा, त्यांच्यात बस." या खेपेला मात्र त्याला माझं म्हणणं एकदम पटलं. इतक्या वर्षांनी का होईना, ऐकलं म्हणून मला बरं वाटलं.

बर्फात हायवेवर गाडी घालायचा त्याला धीर नाही, म्हणून स्कारबरोला मीच घेऊन गेलो. बेसमेंटच्या दाराशी तो म्हणाला, "तू गाडीतच थांब. तिजोरीवाला समोर दिसला की पोरं मोकळी होत नाहीत." मला ते बरोबरच वाटलं. हीटर लावून गाडीत बसलो. आतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. जमलं गड्याला, असं मनात म्हणत मी खूश होत होतो. तो बाहेर आला तो मिसळीचा ढेकर देतच. म्हणाला, "काम फत्ते."

तो निवडून आला, तेही दणक्यात. पाडव्याला शाळेच्या हॉलच्या दारात मी तिकिटं फाडत उभा होतो. सवलतीची तिकिटं घेऊन स्कारबरोच्या मुलांचा मोठा घोळका आला. त्यातली एक मुलगी थांबली, वाकून नमस्कार करून म्हणाली, "काका, रागावू नका हं, पण तुम्ही फायनली हो म्हणालात, सो थँक्यू."

"मी 'नाही' कधी म्हणालो होतो?"

ती गोंधळली. "अध्यक्षकाका आमच्याकडे आले होते ना, तेव्हा सांगत होते. फाइव्ह इयर्स ते तुमच्याशी भांडतायत म्हणे. तुमची नक्कल पण केली त्यांनी. सॉलिड हसलो आम्ही."

तिकिटांचं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मी तडक स्टेजमागे गेलो. अध्यक्ष फेटा बांधून घेत होते. मी विचारलं. मान न वळवता तो म्हणाला, "अरे, खापर कुणाच्या तरी माथी फोडावंच लागतं. तुला कुठे मतं मागायची आहेत? तुला तर मीच अपॉइंट करतो." वर खांद्यावर थाप मारून म्हणाला, "टेक इट ईझी." माझ्या अंगाची आग आग झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात पडदा वर गेला.

भाषणात त्यानं यंदा लागू झालेली सवलत वाजतगाजत जाहीर केली. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, "आणि आमच्या खजिनदारांचंही अखेर मनपरिवर्तन झालं! त्यांना वर बोलवू या." हाताला धरून मला पुढे ओढलं गेलं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

त्या वेळी ओरडून खरं सांगता आलं असतं. पण समोर ती मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. त्यांनी माझी हुर्यो उडवली असती तर मी ताठ मानेनं ती ऐकून घेतली असती. त्यांनी मला मोठ्या मनानं माफ करून टाकलं होतं, आणि ते मात्र मला आजही सहन होत नाही.