तीन किलो येसर

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकोणतीस वर्षं काढली की माणूस कशावरच चटकन विश्वास ठेवत नाही. उसाची भरलेली गाडी काट्यावर आली की ड्रायव्हर हसून रामराम घालायचा. मी रामराम घ्यायचो आणि खाली वाकून वजन वाढवायला चाकांपाशी कोणी उभं तर नाही ना ते बघायचो. भरल्या गाडीचं वजन कोणीही दाखवतो. ती रिकामी होऊन परत काट्यावर आली की मगच कळतं आत किती होतं. बायको म्हणते, हा माणूस देवाला वाहायचा नारळही कानाशी हलवून घेतो. घेतो. नासका निघाला तर काय देवाला दोष द्यायचा?

मुलगा नौदलात लागला तेव्हा मात्र मी काही हलवून पाहिलं नाही. अंबडहून पेढे आणले आणि गावभर वाटले. संशय नंतर आला. शेजारच्या गावातलं एक पोरगं दोन वर्षं फौजी म्हणून मिरवलं, झेंडावंदनाला गणवेशात पुढं उभं राहिलं. शेवटी कळलं की ते पुण्यात एका गोदामावर पहारेकरी आहे. पहारेकरी असणं वाईट नाही, पण त्याच्या बापानं तेव्हापासून पारावर येणं सोडलं. तो माझ्या चांगल्या ओळखीचा. तेव्हापासून मी आमच्या चिरंजीवांकडं नीट बघायला लागलो.

दोन वर्षांत जहाजाचा एक फोटो नाही. म्हणे, मनाई आहे. फोन आठ-आठ दिवस बंद. म्हणे, समुद्रात होतो. काम काय विचारलं की 'मशीनवर' एवढंच. सुट्टीवर आला की मी त्याचे हात बघायचो. कारखान्यातल्या फिटरांचे हात मी जन्मभर पाहिलेत, त्यांच्या नखातलं काळं दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाही. ह्याची नखं लख्ख. मनगटावर मात्र भाजल्याचे बारीक डाग. आणि परत जाताना बॅगेत तीन किलो येसर. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला ह्याचीच आमटी होते. पण एकट्या माणसाला तीन किलो कशाला लागतं? मित्रांना आवडतं, म्हणाला. बायको मुकाट्यानं भाजत आणि दळत राहिली.

मी माझ्यापुरता उलगडा करून टाकला. पोरगं मुंबईत कुठल्या तरी खानावळीत आहे. भरतीत नापास झालं असणार, तोंड दाखवायची लाज वाटली असणार. गणवेश काय, विकत मिळतो. पोलीस पडताळणी झाली होती याची बायकोनं आठवण करून दिली. पडताळणी काय, चहा पाजला की होते, म्हणालो. खरं सांगायचं तर मला राग कमी आणि भीती जास्त होती. पारावर न येणारा तो बाप सारखा डोळ्यांपुढं यायचा.

अशात मुलाचा फोन आला. घरच्यांना जहाजावर बोलावलंय, एक दिवस समुद्रात फिरवून आणणार. मला वाटलं, आदल्या दिवशी काहीतरी कारण सांगून रद्द करील. त्यानं काही केलं नाही. आम्ही दोघं जालन्याहून गाडीत बसलो. बायको खिडकीशी निवांत, मी कल्याणपर्यंत ताठ बसून.

गोदीच्या फाटकावर यादीत आमची नावं निघाली. फोन जमा करून घेतले. म्हणजे फोटोचं खरं होतं. आत गेल्यावर तो समोर आला, पांढऱ्या गणवेशात, आईच्या पाया पडला, माझ्या पडला. मागं राखाडी जहाज, आमच्या कारखान्याच्या गोदामापेक्षा लांब. आता तरी संशय जायला हवा होता. पण जित्याची खोड. मी बघत होतो की इतर खलाशी ह्याला ओळखतात का. ओळखत होते. जो तो त्याच्याकडं बघून हसत होता, आणि ते हसू मला कळेना.

शिडी चढवून त्यानं आम्हाला वरच्या डेकवर खुर्च्यांत बसवलं, आणि ड्युटी आहे म्हणून गायब झाला. जहाज सुटलं. बाकीच्यांची पोरं आई-बापांना तोफा दाखवत होती, टोप्या घालून बघायला देत होती. आमचा कुठं दिसेना. तासाभरानं धापा टाकत आला, कपाळावर घाम. मी म्हणालो, तुझी मशीन दाखव. तो आईकडं बघून म्हणाला, तिकडं जाऊ देत नाहीत. तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा इंजिन बघून वर आला, पोराच्या खांद्यावर हात टाकून. आमचा पुन्हा गायब.

दुपारी जेवणाची रांग लागली. भात, पुरी, भाजी, आणि एका मोठ्या भांड्यात तांबूस आमटी. झाकण निघालं आणि चारी बाजूंनी समुद्र असताना मला आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या मांडवाचा वास आला. मी वाटी तोंडाला लावली. येसर. आमच्या घरचं, हिच्या हातचं. शेजारी उभ्या असलेल्या एका साहेबांनी हिंदीत विचारलं की हा मसाला तुमच्याच घरून येतो ना. म्हणाले, तुमच्या मुलानं ही आमटी केली की त्या दिवशी जहाजावर कोणी जेवण चुकवत नाही.

म्हणजे खानावळीचा माझा अंदाज अर्धा बरोबर होता. खानावळ तेवढी पाण्यावर तरंगत होती. मी बायकोकडं वळलो आणि तुला माहीत होतं का म्हणून विचारलं. ती पुरीचा तुकडा मोडत म्हणाली, "तीन किलो येसर मशीनीत घालून राह्यला व्हता का तो?"

मी वाटी घेऊनच खाली गेलो. एका खलाशानं वाट दाखवली. अरुंद, तापलेलं स्वयंपाकघर, आणि त्यात आमचा मुलगा, पांढरा एप्रन लावून, हातभर लांब पळी धरून. मला बघून त्यानं पळी खाली ठेवली. लहानपणी काच फुटली की जसा उभा राहायचा, तसा उभा राहिला.

"खोटं का बोलला?" मी विचारलं.

"चुलत्याच्या लग्नात तुम्ही आचाऱ्याकडं बघून म्हणाल्ते," तो म्हणाला, "बाप्या माणसानं जलमभर पळी हलवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मी मागंच बादली घेऊन वाढत व्हतो, अप्पा. मंग कसं सांगणार?"

मला ते लग्न आठवलं. पंगत आठवली, येसराची आमटी मी दोनदा मागून घेतली होती तेही आठवलं. ते वाक्य मात्र आठवेना, आणि त्याची मला फार लाज वाटली. दोन वर्षं मी ह्याच्या नखांत खोट शोधत होतो, आणि खोटं बोलायला मीच शिकवलं होतं.

"आमटी चांगली झाली," मी म्हणालो.

त्यानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग हातातल्या वाटीकडं. बघायची ही रीत माझ्या ओळखीची होती.

"मला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यलेत का?"

ह्यावर मी काहीही बोललो असतो तरी ते त्याला खरं वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं. मी वाटी पुढं केली. त्यानं काठोकाठ भरली. जहाज हलत होतं, मी एका हातानं भिंतीची कडी धरली आणि उभ्या उभ्या सगळी आमटी प्यालो. जीभ भाजली, तरी थांबलो नाही. मग रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

त्यानं ती उजेडाकडं तिरकी करून तळ पाहिला.

"अजून घ्या," तो म्हणाला.