नावापुढची रेघ

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो काचा घासायचा. गिऱ्हाइकांना तो कधी दिसत नसे आणि त्यालाही गिऱ्हाईक म्हणजे कागदावरचा नंबर तेवढा ठाऊक. मुळातच अबोल. त्याला बोलतं केलं ते दातांच्या दवाखान्यातल्या एका नर्सने. सहा वर्षं दोघं एकत्र राहिली. लग्नाची नोंद मात्र राहूनच गेली. "करू की, पळून चाललायस का कुठे?" ती हसून म्हणायची.

मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी तापाचं निमित्त होऊन ती गेली. तिची आई आली, नातीला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली. तो दारात नुसता उभा. जन्मदाखला निघाला, तेव्हा वडिलांच्या नावापुढे रेघ होती.

पुढच्या आठवड्यात तो लेकीला बघायला गेला, तर दार अर्धंच उघडलं.

"तू कोण तिचा? कागद आहे काही?"

कागद नव्हता. म्हणून तो कोर्टाची पायरी चढला. अडीच वर्षं तारखांवर तारखा. चाचणीच्या दिवशी त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, मग मुलीच्या. तिने भोकाड पसरलं. तो पुढे झाला, तशी ती आजीच्या कुशीत शिरली.

"काका गेले हं, गेले," आजी तिला थोपटत म्हणाली.

निकाल लागला. बाप तोच. व्हरांड्यात ती म्हातारी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "नाक पहिल्या दिवसापासून तुझंच होतं."

"मग एवढं सगळं कशासाठी, आई?"

"लेक गेली. हिलाही तू नेलं असतंस, तर मी काय भिंतींशी बोलायचं?"

 अडीच वर्षं तो तरी दुसरं काय करत होता? तो म्हणाला, "राहू दे तुमच्यापाशीच. शनिवारी मी घेऊन जात जाईन."

नोंदणी कार्यालयातून नवा दाखला मिळाला. दाखवणार कुणाला? दुकानाच्या मालकाला दाखवला. "छान झालं," म्हणत त्याने पुढचा नंबर हातात ठेवला.

पहिल्या शनिवारी मुलगी बूट न काढताच नव्या छोट्या खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. त्याने सफरचंद कापून दिलं. तिने अर्धी फोड खाल्ली.

"काका, आजी कधी येणार?"

'बाबा म्हण' हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच विरले. दोन वाजता तिचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंतची वेळ ठरली होती, पण तिला कडेवर घेऊन तो निघाला. वाटेत तिची मान त्याच्या खांद्यावर कलंडली. त्याने मुद्दाम लांबचा रस्ता धरला.

आजीने तिला अलगद घेतलं. "आत ये की. बस घटकाभर."

"नको, काम पडलंय," तो म्हणाला.

शनिवारी दुकान बंद असायचं.