तात्यांची परत केलेली किटली

परवा लेकीनं दुधाच्या किटलीचं झाकण उघडलं आणि त्या कोमट वासासरशी सणसरची एक जुनी सकाळ आठवली. तेव्हा गावच्या डेअरीत वासावरून दूध पारखायचं काम माझ्याकडं होतं. मी ऐटीत रांगेतल्या शेजारच्या तात्यांची किटली परत केली. "नासलंय."

तात्यांनी आधी दूध हुंगलं, मग मला. "दूध ताजं हाय गड्या. दारूचा वास तुझ्या तोंडाला हाय."

रांग खदखदून हसली. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "तात्या, रोज सोडतो, पण सुटत न्हाय. दवाखान्यात न्या मला."

हसणं थांबलं. तात्यांनी मोटारसायकलवरून मला थेट बारामतीच्या दवाखान्यात नेलं.

बारा वर्षांत थेंब नाही. पुढं गावात भाषणं पुष्कळ ठोकली, पण अभिमानानं सांगावं असं मी बोललेलं तेवढंच.