सवलतीचा बस्ता

आमच्या गावात पटकी आली होती की नव्हती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. नदीकडच्या एका आळीत काही माणसांना जुलाब-उलट्या झाल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा पडल्या, विहिरीत पांढरी पूड टाकली गेली, एवढं खरं. डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय. वर्तमानपत्रानं गॅस्ट्रो म्हटलं. आणि एसटीत बसून ही बातमी खटाव-माण तालुक्यांत पोचली तोवर आमच्या गावात तिरडीला बांबू मिळेनासे झाले होते. आम्ही तेव्हा घरात बसून पोहे खात होतो.

साल बहात्तरच्या दुष्काळाला लागूनचं. आमचं गाव कृष्णाकाठचं, म्हणून आम्हाला प्यायला पाणी तरी होतं. घाटाच्या पलीकडं दुष्काळी गावांचे टँकर भरायला उभे असत. धुणं धुताना आम्ही मुली त्यांच्या ड्रायव्हरांची नक्कल करायचो. एका टँकरचं नळकांडं गळकं होतं. त्याला ड्रायव्हरनं लाल लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, आणि त्यावरून आम्ही त्या टँकरला नवरी म्हणायचो.

आमची पेठ बस्त्यासाठी नावाजलेली. बस्ता म्हणजे लग्नाचं कापड. वधूचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मानापानाची पातळं, टोप्या, टॉवेल, सगळं एका दुकानातून, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून, दिवसभर घासाघीस करून घ्यायचं. एकेका बस्त्यामागं पंधरा-वीस माणसं येत. दुकानदार त्यांना पाणी देई, चहा देई, दुपारी जेवू घाली, आणि संध्याकाळी गाठोड्यावर हळदकुंकू वाहून नारळ ठेवी. माझ्या वडिलांचं, आबांचं, असं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. दुष्काळामुळं लग्नं आधीच निम्म्यावर आली होती. त्यात ही पटकी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा फौजेत, घर वडूजकडच्या माळावर. साखरपुड्याला मी त्याच्या बुटांशिवाय काही पाहिलं नव्हतं. वैशाखात त्याची रजा, म्हणून वैशाखातली तिथी. खरं सांगते, त्या बोडक्या माळावर जायचं म्हणून मी माघभर रडले होते. आईला म्हणायची, नदी सोडून मी तिथं काय धूळ पिऊ? पण पटकीची आवई उठली, आमच्याच दुकानात बांधायच्या बस्त्याची ठरलेली तारीख निघून गेली, पलीकडून काही निरोप येईना, आणि मी वेगळ्याच कारणासाठी रडायला लागले. कुणी म्हणालं, ते बस्ता फलटणला बांधणार. कुणी म्हणालं, बस्ताच काय, पोरगीही दुसरीकडची बघतायत, पटकीच्या गावची सून कोण घेतो? साखरपुडा मोडलेल्या मुलीला आमच्याकडं काय भाव येतो, हे मला ठाऊक होतं. मला तिथं जायचं नव्हतं, आणि त्यांनी मला नको म्हणावं हेही सोसत नव्हतं. हे कुणाला सांगणार? मलाच ते कळत नव्हतं.

पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मारुतीच्या देवळात बैठक घेतली आणि सवलती काढल्या. बस्त्याला रुपयामागं दोन आणे सूट. भांडेवाल्यानं सूट दिली, फोटोवाल्यानं दिली. टांगेवाले स्टँडपासून पेठेपर्यंत फुकट आणायला तयार झाले. खानावळवाल्यानं दोन ताटांवर तिसरं फुकट लावलं, पण पहिल्या ताटालाच गिऱ्हाईक नव्हतं. सरणाची लाकडं तेवढी पूर्ण भावात राहिली. हे मी घरात बोलले तर आईनं तोंडावर हात ठेवला आणि मग तीच पदराआड हसली.

सवलतीची खबर खेडोपाडी पोचवायला व्यापाऱ्यांनी जीप भाड्यानं घेतली, वर कर्णा बांधला. आता गंमत अशी, की गावात जीप एकच आणि कर्ण्यावर बोलणाराही एकच. महिन्यापूर्वी तोच माणूस, त्याच जीपमधून, त्याच खणखणीत आवाजात, "पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या" म्हणत फिरला होता, आणि मागं सुई घेतलेली माणसं होती. त्यामुळं जीप कुठल्याही गावच्या वेशीत शिरली की "आलं रं टोचाय!" अशी हाळी उठायची आणि माणसं कडबा ओलांडून रानात पळायची. मागं राहायच्या त्या म्हाताऱ्या. त्या कर्ण्यापुढं हात जोडून म्हणायच्या, "आवं, आमी टोचून घेतलंय, आता काय ऱ्हायलंय?" तो बिचारा शालू आणि पैठणीचे भाव ओरडत असायचा. ड्रायव्हरनं हे पेठेत येऊन सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. आबा हसले नाहीत.

त्यांनी दुकानाबाहेर तांब्याचा हंडा चिंचेनं घासून ठेवला आणि वर पाटी लावली, उकळलेले पाणी. हात दाखवून अवलक्षण. जे कुणी चुकूनमाकून येत होते, तेही पाटी वाचून पुढं सरकायला लागले.

एक दिवस आबा एसटीनं त्या माळावर जाऊन आले. आईला म्हणाले, "येत्यात. बाजारच्या दिवशी."

"कसे काय तयार झाले?"

"म्हटलं, तुमाला वरची सूट देतो. आन ही बघ, त्यास्नी दुकानात पुढंच बसवायचं. पोरीच्या हातनं पाणी द्यायचं. व्याही पाणी प्याले ही पेठेनं बघितलं, की समदा खटाव माघारी येतोय का न्हाई बघ."

मी दाराआड होते. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, लग्न मोडलं नाही. मग भडकलेच. म्हणजे मला बघायला येणारी माणसं नव्हती ती, हंड्यावरची दुसरी पाटी होती. आणि वरची सूट म्हणजे काय? कापडाला सूट होती, ताटाला होती, फोटोला होती, आता मलाही लागली. संतापानं मी दळणाचा डबा आपटला. आणि तशीच न्हाणीत जाऊन चेहऱ्याला हळद लावायला बसले, बाजारच्या दिवशी बरी दिसावी म्हणून. या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी कशा घडल्या ते मला विचारू नका.

बाजारच्या दिवशी ती माणसं आली. होणारे सासरे, भावकीतले पाचसहा फेटे, काही बायका, आणि त्यांच्यापुढं माझी होणारी सासू. उंच, काळीसावळी, ओठ मिटलेले. तिच्या काखेत पितळी घागर होती, तोंडाला फडकं बांधलेली. मला वाटलं, मोकळी घागर कल्हईला आणली असेल.

आबांनी त्यांना अगदी रस्त्यालगत बसवलं. समोरचे दुकानदार गादीवरून उठून उंबऱ्यात आले. फुकटवाले टांगेही येऊन थांबले. मी डोक्यावर पदर घेऊन तांब्याभांडं नेलं. तांब्या काठोकाठ भरला होता.

सासूनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "ठेव पोरी, खाली ठेव."

मी ठेवलं. तिनं घागरीचं फडकं सोडलं, कमरेचा पेला काढला आणि स्वतःच्या गावचं पाणी आधी सासऱ्यांना दिलं, मग एकेका फेट्याला, मग स्वतः प्याली. सगळी पेठ बघत होती. ज्या माळावरची बाई हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालते, तिथली माणसं नदीकाठच्या गावात पाणी बांधून घेऊन आली होती. आबांचा चेहरा उतरला. घरचं पाणी न घेणं म्हणजे आमच्यात सोयरीक तोडणंच की. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती माणसं उठलीही नाहीत. सासूनं घागर बाजूला सारली, मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "काढा पातळं."

मग दिवसभर घासाघीस. त्या बाईनं दोन आण्यांवर तीन मागितले, तिनावर चार. टोप्यांना सूट, टॉवेलांना सूट. आबांची अवस्था बघवत नव्हती. दुकानदार म्हणून ताणायचं की मुलीचा बाप म्हणून वाकायचं हे त्यांना ठरेना. ते गादीवर बसून भाव सांगायचे आणि हात जोडायला खाली उतरायचे. शेवटी सासू म्हणाली, "आवं व्याही, आज तुमी दुकानदार हाय का पोरीचं बाप? एक काय ती ठरवा, म्हंजी आमास्नी बोलाय बरं पडंल." फेटे हसले. आबाही हसले, पण कसनुसे.

उतरती उन्हं दुकानात आली तेव्हा शालू निघाला. शालू घ्यायचा तो नवऱ्याकडच्यांनी. डाळिंबी रंगाचा, जरीच्या बुट्ट्यांचा. माझ्या खांद्यावर टाकून बघितला. बायका गप्प झाल्या, म्हणजे छान दिसत असावा. आबांनी किंमत सांगितली आणि घाईनं पुढं म्हणाले, "ह्याला तर वरची सूट हायच."

"ह्याला सूट नगं," सासू म्हणाली.

आबांना वाटलं, आणखी हवीय. "कमी वाटती व्हय? मग..."

"नगं म्हणलं न्हवं. पातळाला घीन, टोपीला घीन. शालूला न्हाई. सून काय मी सवलतीत न्हेणार हाय व्हय? उद्या भावकी म्हणंल, पटकीत सस्तात गावली."

तिनं कनवटीचे पैसे सोडले आणि गादीवर ठेवले. आबा गाठोड्यावर कुंकू वाहायला वाकले आणि डबीच सांडली. मी शालू खांद्यावर घेऊन तशीच उभी. जिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, तिनंच मला स्वस्तात न्यायला नकार दिला होता. हा मान होता की अपमान? तिच्या पाया पडावं की तो तांब्या तिच्यापुढून उचलून आत निघून जावं? मी पाया पडले. तांब्या तिथंच राहिला, भरलेला.

दुसऱ्या दिवसापासून पेठेत एकच बोलणं. वडूजकडच्या बाईनं पुऱ्या भावानं शालू नेला. आम्ही सूट दिली होती गिऱ्हाईक यावं म्हणून, आणि खेड्यातल्या माणसांना वाटत होतं, सूट देतायत म्हणजे कापडात काहीतरी खोट आहे, आजाऱ्याच्या घरचं असणार. पुरा पैसा घेतला म्हणजे माल निर्मळ. पुढच्या बाजाराला दोन बस्ते आले, त्याच्या पुढच्याला पाच. आबांनी हंडा आत घेतला, पाटी उतरवली, आणि आपण हे आधीच ओळखलं होतं असं सांगायला लागले. गंमत म्हणजे प्रत्येक बस्त्याबरोबर एक घागर यायला लागली, फडकं बांधलेली. तशी रीतच पडली. त्या हंगामात दुकानांपुढं चपलांच्या शेजारी घागरींची रांग असायची, आणि आमचे चहाचे कप कपाटातून बाहेर निघालेच नाहीत.

लग्न त्यांच्या दारात झालं. माप ओलांडून आत गेले, सासूनं पायावर पाणी घातलं. जरासंच, चुळकाभर, कारण तिथं पाणी पायावर घालायची वस्तू नव्हती. नवऱ्याची रजा आठ दिवसांत संपली. तोवर मला त्याचा चेहरा पाठ झाला होता, आणि तो गेला तेव्हा मी रडले, आता हे तिसऱ्याच कारणासाठी.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात गलका झाला, पाणी आलं, पाणी आलं. सासूनं तीच पितळी घागर काखेत मारली, मला हंडा दिला आणि आम्ही वेशीवर पळालो. बायकांची ही झुंबड. मी टाचा उंचावून बघितलं तर टँकर उभा, आणि त्याच्या नळकांड्याला लाल लुगड्याची चिंधी.

आमची नवरी.

मी हंडा धरून उभीच राहिले. घाटावरच्या मुली आठवल्या, दुकानाबाहेरचा घासलेला हंडा आठवला, आबांचा उतरलेला चेहरा आठवला. सासूची घागर भरत होती. मी हळूच म्हणाले, "आत्या, हे पाणी आमच्या गावचं आहे."

"ठाऊक हाय."

"आमच्या घाटावर भरतात हा टँकर."

"आगं व्हय, ठाऊक हाय मला. समदा उन्हाळा तेच पितोय आमी."

घागर भरली, मी हंडा नळाखाली लावला, पण मला काही सुधरेना. "मग त्या दिवशी दुकानात तुम्ही जे बांधून आणलं होतं..."

तिनं घागरीच्या तोंडावर फडकं आवळलं. पहिल्यांदाच तिचे ते मिटलेले ओठ थोडे सैलावले.

"पाणी कुठलंबी असंना पोरी," ती म्हणाली, "घागर आमची हाय."

मी हसायला लागले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. तिनं डोळ्यांकडं बघितलं नाही. चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, वर ती भरलेली घागर चढवली, स्वतः माझा भरलेला हंडा उचलला आणि म्हणाली, "चल आता. सांडू नगंस."