अढीतली बिअर

बाटली हातात आली की आमच्या गल्लीतले काका आधी तिच्या झाकणाखालून अंगठा फिरवायचे, मग नाक टेकवायचे, मग डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "साका आहे."

तुम्ही घाटावरचे असाल तर साका म्हणजे काय ते सांगायला हवं. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो, वास सुरेख येतो, आणि कापला की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघतो. तो साका. बाहेरून तो कोणालाच कळत नाही. काकांना कळायचा. चाळीस वर्षं त्यांनी एका बागायतदाराकडे आंबे निवडले. त्यांनी 'हा जाऊ दे' म्हटलेल्या आंब्यात साका निघाला असं सांगणारा माणूस मला रत्नागिरीत भेटलेला नाही. त्यामुळे पुढे ते इतर गोष्टींतही साका सांगायला लागले तेव्हा आम्ही तेही मानलं. आमच्या गल्लीतल्या नव्या गटारात साका होता, माझ्या साडूत होता, माझ्या स्कूटरमध्ये तर ती घेतली त्या दिवसापासून होता.

माझं बिअरचं दुकान आहे. मला स्वतःला पित्ताचा त्रास. दोन घोट घेतले की रात्रभर बसून राहावं लागतं. त्यामुळे कोण काय पितो याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. लाल लेबलवाली मागितली की लाल द्यायची, हिरवी मागितली की हिरवी. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या क्राफ्ट बिअर आल्या आणि माझी झोप उडाली. कुठल्या कॉफी घातलेल्या, कुठल्या संत्र्याच्या सालीच्या, कुठल्या कोकमाच्या. डिसेंबरात तर 'हिवाळी खास' म्हणून एक काळी आली. लेबलावर बर्फ, बर्फात हरीण. आता रत्नागिरीची थंडी म्हणजे पहाटेचे तीन तास. त्या तीन तासांच्या भरवशावर आम्ही दोन महिने कानटोप्या घालतो, ती गोष्ट वेगळी. नाताळाला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारायचे, "यातली कुठली घेऊ?" आणि मी म्हणायचो, "निळं लेबल छान दिसतं."

हे काकांनी ऐकलं. डिसेंबरात कलमांना मोहोर धरत असतो, आंब्याचं काम नसतं, म्हणून ते माझ्या दुकानासमोरच्या बाकावर कानटोपी घालून बसलेले असायचे. ते उठले, आत आले आणि म्हणाले, "मेल्या, न चाखता माल विकतोस? लाज कशी नाही वाटत?"

दुकानात बाटली उघडायची बंदी, म्हणून मागे माझ्या घराच्या ओटीवर बैठक बसली. काकांनी स्टीलचा चमचा मागितला आणि वाटीत थोडे कच्चे तांदूळ. एका बिअरचा एक चमचा, मध्ये चार तांदूळ चावायचे, मग दुसऱ्या बिअरचा चमचा. चमच्याच्या वर त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. सात बाटल्या झाल्यावर ते म्हणाले, "कोणी केलीन ही?"

"कोल्हापूरकडचा कोणी मुलगा आहे म्हणे."

"घाई केलीन त्याने. बारा आण्यांवर उतरवलीन. चौदा आणे होऊ द्यायची होतीन."

आमच्याकडे आंबा किती तयार झाला ते आण्यांत सांगतात. चौदा आणे झाला की काढायचा, उरलेले दोन आणे तो पेंढ्यात पिकतो. मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? अढी घालायची."

दुसऱ्या दिवशी ते रिक्षातून भाताचा पेंढा घेऊन आले. माझ्या गोदामात त्यांनी वीतभर पेंढा पसरला, त्यावर बाटल्या निजवल्या, वर पुन्हा पेंढा. फ्रीजचं नाव काढलं तर म्हणाले, "कैरी फ्रीजात घातलीस तर पिकेल काय?" दर चौथ्या दिवशी येऊन ते एकेक बाटली या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचे. पहिल्या वर्षी सात बाटल्या फुटल्या. काका म्हणाले, "ती डागी होती, आधीच सांगितलं होतं."

त्या सुमारास एक तपासणी अधिकारी आले. गोदामात पेंढा बघून थबकले. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, अढी." ते राजापूरकडचे, म्हणजे आंब्यातलेच होते. त्यांनी वाकून पेंढ्याखाली हात घातला, ऊब बघितली आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"नऊ."

"मग अजून चार राहू देत," म्हणाले आणि सही करून गेले.

खरं सांगतो, अढीतली बिअर सुधारायची. पाहुणे आता मला विचारेनासे झाले, थेट काकांपुढे उभे राहायचे. काकांची शिफारस म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी.

"कुठे उतरलायत?"

"वेळणेश्वरला."

"मासे खाता?"

"हो."

"मग सुरमई तळलेली मिळाली तर ही संत्र्याच्या सालीची. उद्या दुपारी. बांगड्याचं तिखलं असेल तर हिला हात लावू नका, कोकमाची उघडा. वाटेत हेदवीला दर्शन घेणार ना? दर्शन आधी, बिअर नंतर, उलटं करू नका. आणि ही काळी एकतीसला, संध्याकाळी सातनंतर."

"आणि आधी उघडली तर?"

"उघडा. बिअर तुमची आहे. पण मग मला सांगायला येऊ नका."

लोक सांगायला यायचेच. परतीच्या वाटेवर एक गृहस्थ गाडी थांबवून खाली उतरले आणि मान खाली घालून म्हणाले, "काका, एकतीसची तिसालाच उघडली." काकांनी तोंड फिरवलं. गाडीतून बायको म्हणाली, "मी नको नको म्हणत होते!" पुढचा अर्धा तास तीच नवऱ्याला बोलत होती, काकांना काही बोलायची गरजच पडली नाही.

काकांना एकच मुलगी, वैदेही. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तीस वर्षांची झाली तरी लग्न जमत नव्हतं, कारण येणाऱ्या प्रत्येक मुलात साका होता. बोटीवरचा इंजिनियर आला, पोहे खाऊन गेला, काका म्हणाले, "साका आहे." बँकेतला आला, साका. दातांचा डॉक्टर आला, तर म्हणाले, "स्वतःचे दात बघितलेस त्याचे?" अशी अकरा मुलं परत गेली. काकू चिंतेने सुकत चालल्या होत्या. पण काकांपुढे बोलणार कोण? ज्याचा आंबा कधी चुकला नाही, त्याचा मुलगा कसा चुकेल, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

मग रणजित आला. रणजित म्हणजे त्या बिअर करणारा कोल्हापूरकडचा मुलगा. त्याच्या बिअरबद्दल गावोगावाहून निरोप यायचे, पण आमच्या दुकानातून नेलेल्या बाटल्यांबद्दल लोक कळवायचे, 'छान पिकली होती.' हा काय प्रकार आहे ते बघायला तो स्वतःची गाडी घेऊन घाट उतरून आला, गोदामात शिरला आणि त्याने डोक्याला हात लावला.

"ओ काका, हे काय करून ठेवलंय? बिअर फ्रीजात ठेवायची असती!"

"तू केलीस ही?"

"होय की."

"मग बरं झालं, तुलाच सांगतो. घाई करतोस."

काकांनी चमचा पुढे केला. रणजितने चाखली, पुन्हा चाखली आणि तिथेच पेंढ्यावर बसला. "दोन वर्षं धडपडतोय," तो म्हणाला, "ही चव मला येईना झालीय." मग त्याने बाटलीत जिवंत राहिलेल्या खमिराबद्दल आणि उबेबद्दल बरंच काही सांगितलं. काका ऐकून म्हणाले, "तेच ते. अढी."

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. मला वाटायचं, पेंढ्यासाठी येतो. वैदेही वडिलांचा डबा घेऊन त्याच वेळी यायची, याकडे माझं लक्ष नव्हतं. माझी बायको म्हणाली, "तुम्ही आपली बिअरच विका."

काकूंनी एकदाच कुरकुर केली, "घाटावरचा आहे, आणि धंदा असला." पण मुलगी खूश दिसते म्हणून गप्प बसल्या. काका तर रणजितवर लोभ करायचे. बोलताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि काकांनी असा हात फक्त कलमांवर ठेवलेला मी बघितला होता. तरी त्याने वैदेहीला मागणी घातली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुझी म्हणून एक बिअर कर. कोणाची नक्कल नको. तिच्यात साका नसला तर बघू."

रणजितने गूळ आणि आमच्याकडचं जायफळ घालून वर्षअखेरीसाठी एक बिअर केली. दोन पेट्या आमच्याकडे पाठवल्या. काकांनी त्या एकवीस दिवस स्वतःच्या हाताने वळवल्या. एकतीस डिसेंबरला दुपारी काकांच्या पडवीत आम्ही पाच जण जमलो. काका, काकू, वैदेही, रणजित आणि मी. बाटली उघडली. वैदेहीने तांदळाची वाटी पुढे धरली.

काकांनी चमचा घेतला. इतका वेळ डोळे मिटून बसलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मीही एक चमचा घेतला होता, आणि पित्त असूनही मला ती फार आवडली होती. काकांनी डोळे उघडले, एकदा वैदेहीकडे बघितलं आणि म्हणाले, "साका आहे."

लाजिरवाणी गोष्ट आहे, पण सांगतो. त्या क्षणी मलाही साका लागायला लागला. जिभेच्या मागे काहीतरी पांढरट, आंबूस. मी मान डोलावली.

रणजित वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने वाद घातला नाही. तो उठला, त्याने फोन काढला आणि आपल्या भावाला सांगितलं, "दादा, गुळाची सगळी ओत. होय, सगळी पिंपं. साका आहे." पलीकडून ओरडणं ऐकू येत होतं. "काकांनी सांगितलंय म्हणतोय न्हवं? ओत."

वैदेहीने वाटी खाली ठेवली. काका पडवीतल्या बाकावर सावरून बसले, मग उभे राहिले, मग पुन्हा बसले. आणि एकदम ओरडले, "थांबव त्याला!"

"अहो पण साका—"

"थांबव म्हणतो ना मेल्या! ओतू नको!"

"दादा, थांब! थांब म्हणतोय! किती ओतलीस? एक पिंप? राहू दे, पुढचं थांबव."

फोन बंद झाला. रणजितने हळूच विचारलं, "मग साका कुठाय, काका?"

"कुठे नाही. चौदा आणे बरोब्बर उतरवलीस. अशी मी चाखली नव्हती." काका जमिनीकडे बघत बोलत होते. "आंब्याच्या बाबतीत मी जन्मात खोटं बोललो नाही. मुलांच्या बाबतीत बोललो. अकरा वेळा. बोटीवरचा तो तर हिरा होता. आज माल चाखून खोटं बोललो, आणि तू माझ्या शब्दावर पिंप ओतलंस." त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. "ही गेली की या घरात मी बोलू कोणाशी?"

"म्हणजे? मी आहे ना घरात!" काकू म्हणाल्या.

वैदेही त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, मला माहीत होतं. प्रत्येक वेळी कळत होतं. तेव्हा मलाही जायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले."

काकांनी मान वर केली. "आणि आता?"

"आता जायचंय."

काका हुंदका देऊन रडले. काकू रडल्या, मी रडलो, आणि रणजित एका पिंपाचं दुःख आणि लग्नाचा आनंद यांत कशावर रडावं ते न कळून नुसता उभा होता. शेवटी काकांनी त्याला ओढून बाकावर बसवलं आणि उरलेली बाटली त्याच्या हातात दिली.

काका जाऊन आता दीड वर्ष होईल. नाताळात पाहुणे अजून गाडी थांबवतात आणि बाकाकडे बघतात, आणि मला तेच तेच सांगत बसावं लागतं. मी सांगतो, पण मला ते आवडत नाही.

मला आठवतो तो वैदेही सासरी निघाली तो दिवस. लग्न वैशाखात झालं, ऐन आंब्यात, आणि चाळीस वर्षांत ऐन आंब्यात एकही सुट्टी न घेतलेल्या काकांनी चार दिवस सुट्टी घेतली. रणजितची तीच गाडी फुलांच्या माळा लावून दाराशी उभी होती. वैदेही पुढे बसली. निरोपाचं सगळं झालं, गाडी सुरू झाली, तरी काका बाजूला होईनात. ते गाडीला एक फेरी घालून आले, मागचं दार दोनदा ओढून बघितलं, मग रणजितच्या खिडकीशी आले आणि खाकरून म्हणाले, "आंबा घाटात सावकाश घे हो. माल काचेचा आहे."

रणजित म्हणाला, "होय, काका." गाडीत त्या दिवशी एकही बाटली नव्हती.